वंशावळीत अनोळखी आजोबा सापडले, तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आठ वर्षं तुम्ही वडिलांकडची वंशावळ जुळवताय. कागद भरपूर जमलेत. त्यात भर म्हणून तुम्ही आणि तुमच्या आत्यांनी डीएनए चाचणी करून घेतली. तुमच्या निकालात 22 टक्के भाग अशा प्रदेशाचा निघाला की ज्याचं नावही घरात कधी कोणी काढलं नव्हतं. आत्यांच्या निकालात तो प्रदेश नावालाही नाही. त्यातून आत्यांशी तुमचं जुळणं भरलं 884 सेंटिमॉर्गन, म्हणजे सख्ख्या आत्याच्या मानाने बरंच कमी. वडील 78 वर्षांचे आहेत, त्यांना यातलं काही ठाऊक नाही. आणि तुम्ही विचारताय: चाचणी चुकली असेल का, आजोबा आपले आजोबा नव्हते का, वडिलांना सांगायचं का.

लोकांच्या वंशावळी जुळवून द्यायचं काम मी गेली वीसेक वर्षं करतोय. तिसऱ्या प्रश्नाने तुमची झोप उडाली आहे हे तुमच्या लिहिण्यावरून कळतं. तरी तो शेवटी घेऊ. आज तुमच्याकडे आहे ती शंका आहे, भक्कम शंका, पण शंकाच. ती पक्की होण्याआधी घरात एक शब्दही बोलू नका. चुकीची बातमी मागे घेता येते, पण ती ऐकताना माणसाला जे झालं ते मागे घेता येत नाही.

आधी निकालात प्रदेशांचे टक्के दाखवणाऱ्या त्या रंगीत नकाशाबद्दल. बहुतेकांना धक्का बसतो तो नकाशा बघून, आणि सगळ्यात कच्चा पुरावा असतो तोच. कंपनीकडे वेगवेगळ्या भागांतल्या लोकांचे नमुने असतात. शक्यतो असे लोक निवडलेले असतात की ज्यांचे आजी-आजोबा त्याच भागातले. तुमच्या डीएनएचे तुकडे या नमुन्यांशी ताडून पाहायचे आणि कुठला तुकडा कुणासारखा दिसतो ते सांगायचं, एवढंच ते गणित. ज्या भागातले नमुने कमी, तिथला अंदाज ढोबळ. नमुने वाढले की टक्के बदलतात. चाचणी एकदाच झालेली, पण तीन वर्षांत तीन वेगळे नकाशे आलेली माणसं मी पाहिली आहेत. म्हणून कुणी 1-2 टक्क्यांवरून ‘आमच्यात परदेशी रक्त आहे’ म्हणालं, तर मी त्यांना थांबवतो. उलटही खरं आहे. दहा पिढ्या मागे गेलं की पूर्वजांच्या जागा होतात 1024, आणि त्यांतल्या जवळपास निम्म्यांचा एक तुकडाही आपल्यात उतरलेला नसतो. कागदावर ठळक असलेली पणजीची पणजी डीएनएत दिसली नाही म्हणून ती खोटी ठरत नाही.

तुमचे 22 टक्के मात्र असे झटकून टाकता येणार नाहीत. एका आजी किंवा आजोबांकडून सरासरी 25 टक्के येतात, कुणाचे थोडे कमी, कुणाचे थोडे जास्त. म्हणजे चार आजी-आजोबांपैकी एक जण पूर्णपणे त्या भागातला असावा, असा हा आकडा आहे. प्रदेशाचं नाव चुकलेलं असू शकेल, शेजारचा प्रदेशही असेल. पण कुणीतरी तिकडचं आहे. नकाशावरून एवढंच म्हणता येतं. ते चौघांपैकी कोण, हे नकाशा सांगत नाही.

ते सांगतो दुसरा आकडा, 884. सेंटिमॉर्गन म्हणजे दोन माणसांत सारखा असलेला डीएनए मोजायचं एकक. आई-वडील आणि मूल यांच्यात ते 3400 च्या आसपास भरतं. सख्खी आत्या आणि भाचा यांच्यात सरासरी 1750 च्या आगेमागे. कमी-जास्त होतं, पण सख्खी आत्या 1200 च्या खाली सहसा जात नाही. 884 हा आकडा सख्ख्या चुलत बहिणीचा असू शकतो, आजीच्या किंवा आजोबांच्या बहिणीचा असू शकतो, किंवा वडिलांच्या अशा बहिणीचा की जिचे आणि वडिलांचे आई-बापांपैकी एकच जण समान आहे. आत्या आणि वडील एका घरात वाढले आणि दोघांत चार वर्षांचं अंतर आहे हे तुम्हीच लिहिलंय. तेव्हा तिसरी शक्यता सगळ्यात पुढे येते.

इथे मराठीतला एक घोळ आधी सोडवून घेऊ. आपण ‘सावत्र’ हा एकच शब्द दोन नात्यांना वापरतो. बापाच्या दुसऱ्या बायकोची आधीच्या लग्नातली मुलगीही सावत्र बहीण, आणि बाप एकच पण आई वेगळी असलेली तीही सावत्र बहीण. पहिलीशी रक्ताचं काही नाही, दुसरीशी अर्धं आहे. वंशावळीच्या कामात हे दोन्ही वेगळं लिहावं लागतं. मी टिपणात ‘अर्धसख्खी’ लिहितो. शब्द कानाला बरा नाही, पण गोंधळ होत नाही.

तर आत्या बहुधा अर्धसख्ख्या. आणि तुम्ही लगेच आजीबद्दल विचार करायला लागलात. थांबा. अर्धसख्खी याचा अर्थ आई एक आणि बाप वेगळे असाही होतो, बाप एक आणि आई वेगळ्या असाही होतो. आजोबांची पहिली बायको बाळंतपणात गेली, वर्षभरात दुसरं लग्न झालं, आणि त्या आधीच्या बाईचं नाव पुढे घरात निघेनासं झालं, अशी कुटुंबं माझ्या कामात मी कितीतरी पाहिली आहेत. त्यात कुणी काही लपवलेलंही नसतं. बोलणारं कुणी उरलेलं नसतं, इतकंच. आजोबांच्या लग्नाची नोंद तुम्ही प्रत्यक्ष पाहिली आहे का? की ‘सगळ्यांना माहीत आहे’ म्हणून तारीख लिहून टाकली? लिहिण्याच्या पद्धतीवरून मला वाटतं, दुसरं.

चाचणी चुकण्याबद्दल. नमुन्यांची अदलाबदल होते, पण क्वचित. तपासायला सोपं आहे. कंपनी देते त्या जुळणाऱ्या माणसांच्या यादीत आईकडची ओळखीची माणसं, मामेभाऊ, मावसबहिणी, योग्य आकड्यांनी दिसत असतील तर तपासलेली लाळ तुमचीच. आत्यांच्या यादीतही असंच पाहा. आणि एक. तुमच्या घराण्यात पिढ्यानपिढ्या त्याच दहा-पंधरा घरांत सोयरिकी झाल्या असतील तर सगळ्यांशीच आकडे थोडे फुगतात. अशा फुगीने लांबचा नातेवाईक जवळचा वाटतो, जवळचा कधी लांबचा वाटत नाही. तेव्हा 884 चं स्पष्टीकरण तिथे मिळणार नाही. लांबच्या जुळण्या वाचताना मात्र हे डोक्यात ठेवा, नाहीतर प्रत्येक तिसरा माणूस चुलत चुलत भाऊ वाटायला लागेल.

आता जे करायचं ते. तुम्ही म्हणता आजोबांच्या सख्ख्या भावाचा नातू तुमच्या संपर्कात आहे. तुमच्या सगळ्या कोड्याची किल्ली तो माणूस आहे. त्यानं चाचणी केली तर आत्यांशी त्याचं जुळणं 430 च्या आसपास यायला हवं आणि तुमच्याशी 230 च्या. लांबच्या नात्यात शून्य येऊ शकतं. खापरपणजोबा समान असलेल्या भावंडांत दहातल्या एखाद्या जोडीत एक तुकडाही सारखा नसतो. पणजोबा समान असतील तर मात्र असं शून्य येत नाही. म्हणून हा निकाल निर्णायक. तो दोघांशीही नीट जुळला तर आजोबा तुमचेच, आणि शोध आजीचा करायचा. आत्यांशी जुळला आणि तुमच्याशी अजिबात नाही, तर आत्या आजोबांच्या आणि तुमचे वडील दुसऱ्या कुणाचे. तुमच्याशी जुळला, आत्यांशी नाही, तर उलट. तुमचा 22 टक्क्यांचा प्रदेश आत्यांच्या निकालात नाही हे पाहता मला मधली शक्यता जास्त वाटते. पण माझं वाटणं तुमच्या टिपणात उतरवू नका.

त्या भावाला विचारताना खरं सांगून विचारा. ‘गंमत म्हणून करून बघ’ असं म्हणून कुणाची लाळ घेऊ नये. अनपेक्षित काही निघू शकतं, तुझ्या बाजूचंही निघू शकतं, आणि निघालं तर तुला कळायला हवं आहे का, हे आधी विचारायचं. तो नाही म्हणाला तर विषय संपला.

तुम्ही पुरुष आहात, म्हणून कुणीतरी तुम्हाला वाय गुणसूत्राची चाचणी सुचवेल. बापाकडून मुलाकडे ते जवळजवळ जसंच्या तसं जातं, त्यामुळे तुमचं आणि त्या भावाचं जुळलं तर उत्तमच. न जुळलं तर साखळी तुटली एवढं कळतं, कुठे तुटली ते नाही. याचं फार चांगलं उदाहरण इंग्लंडच्या तिसऱ्या रिचर्डचं आहे. 1485 मध्ये लढाईत मारल्या गेलेल्या या राजाचा सांगाडा 2012 मध्ये लेस्टर शहरातल्या एका वाहनतळाखाली सापडला. 2014 मध्ये डीएनएचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आईकडून मुलांत उतरणारा मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए त्याच्या बहिणीच्या वंशातल्या हयात माणसांशी जुळला. पण बापाकडच्या शाखेतल्या, कागदोपत्री त्याच घराण्यातल्या पाच पुरुषांचं वाय गुणसूत्र तपासलं तर एकाचंही राजाशी जुळलं नाही. आणि त्या पाचांतल्या एकाचं उरलेल्या चौघांशीही जुळलं नाही. म्हणजे राजघराण्याच्या, पिढ्यानपिढ्या जपलेल्या, शंभरदा तपासलेल्या वंशवृक्षात किमान दोन ठिकाणी बाप वेगळा. तुमच्या बाबतीतही तो भाऊ न जुळल्यास तूट त्याच्या बाजूला असू शकते, म्हणून आत्यांचा निकाल हाच खुंटा धरायचा.

लोक मला विचारतात, असं किती घरांत असतं. दहा टक्के, तीस टक्के असे आकडे लोक सहज फेकतात. बेल्जियम आणि नेदरलँड्समध्ये जुन्या वंशावळी आणि वाय गुणसूत्र एकमेकांशी ताडून मोठं काम झालं आहे. त्यात गेल्या पाचशे वर्षांत दर पिढीला साधारण 1 ते 2 टक्के असं प्रमाण निघालं. शेतकरी घरांत त्याहून कमी, एकोणिसाव्या शतकातल्या दाटीवाटीच्या शहरांतल्या गरीब वस्त्यांत बरंच जास्त. दर पिढीला 1 टक्का धरला तरी दहा पिढ्यांच्या सरळ रेषेत कुठेतरी एक गाठ सुटलेली असण्याची शक्यता 10 टक्क्यांच्या जवळ जाते. जे काम करताना तुमच्या हाती आलं ते दुर्मीळ नाही. तुमच्या आजीची ती काही वेगळी, वाईट गोष्ट होती असं मानायला काही आधार नाही.

कागदांकडे पुन्हा वळा, आता वेगळ्या नजरेने. एका कुटुंबासाठी जनगणनेचं जुनं पान वाचताना मला जे दिसलं ते सांगतो. घरातली बाई 47 वर्षांची. तिची मुलं क्रमाने 24, 20, 17, 13. आणि शेवटची ओळ: मुलगा, वय दोन महिने. तेरा वर्षांच्या खंडानंतर, सत्तेचाळिसाव्या वर्षी. नात्याच्या रकान्यात ‘मुलगा’ लिहिलंय, पण त्या शब्दाखाली कागद खरवडलेला. प्रत उन्हाकडे धरून पाहिली तर आधीच्या अक्षरांची फक्त लांबी कळते, शब्द नाही. सतरा वर्षांची मुलगी याच पानावर आहे. पुढच्या जनगणनेत ती नाही, लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेली. त्या दोन महिन्यांच्या बाळाच्या नातवाला मी पान दाखवलं तेव्हा तो बराच वेळ त्या खरवडलेल्या जागेवर बोट फिरवत होता. नंतर डीएनएनेही तेच सांगितलं: जिला घर मोठी बहीण म्हणत होतं ती आई. बाळाला आजीच्या कुशीत टाकून घराने लेकीला वाचवलं होतं. मला त्या खाडाखोडीत लबाडी दिसत नाही.

अशा जागा शोधा. जन्मनोंद आणि शाळेच्या दाखल्यातल्या तारखांतला फरक. उशिरा केलेली जन्मनोंद. लग्नाची तारीख आणि पहिल्या मुलाची तारीख. वडिलांच्या जन्माआधीच्या नऊ-दहा महिन्यांत आजोबा कुठे होते: सैन्यात, जहाजावर, दवाखान्यात, दूरच्या नोकरीवर? दत्तकाचा कागद मिळेलच असं नाही. इंग्लंड आणि वेल्समध्येसुद्धा 1927 च्या आधी दत्तक घ्यायला कायदाच नव्हता, मूल या घरातून त्या घरात जायचं आणि बस्स. आणि घरात सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी नोंदवून ठेवा, पण त्यांच्यावर टेकू नका. अमेरिकेत गेलेल्या असंख्य कुटुंबांत सांगतात की न्यूयॉर्कच्या बंदरातल्या एलिस बेटावर, जिथे बाहेरून आलेल्यांची तपासणी व्हायची, तिथल्या कारकुनाने आमचं आडनाव बदललं. प्रत्यक्षात तिथले कारकून जहाज सुटलं त्या बंदरात तयार झालेल्या यादीवरून नावं ताडत. आडनावं लोकांनी पुढे स्वतः बदलली.

समजा, आजोबा वेगळेच निघाले. मग ते कोण, हे शोधायची रीत ठरलेली आहे. तुमच्या यादीतून आईकडची माणसं बाजूला काढा, आत्यांशीही जुळणारी बाजूला काढा. जे उरतील ते अनोळखी आजोबांकडचे. ते एकमेकांशी कसे जुळतात ते पाहून गट पाडा, प्रत्येक गटाची वंशावळ उभी करा, आणि दोन गट ज्या जोडप्यात एकत्र येतात तिथे थांबा. त्या जोडप्याचा मुलगा किंवा नातू, वयाने आणि ठिकाणाने बसणारा, तो तुमचा माणूस. दोन भाऊ असतील तर डीएनए त्यांच्यात सहसा निवड करू शकत नाही. अशा वेळी दोघांचीही नावं लिहून प्रश्नचिन्ह ठेवायचं. मला हे प्रश्नचिन्ह फार महत्त्वाचं वाटतं. मोह होतो ते पुसायचा.

आणि का घडलं, ते डीएनएत नसतं. प्रेम असेल, ठरवून घेतलेला निर्णय असेल, आजीवर झालेली जबरदस्ती असेल. जिला ठाऊक होतं ती आता सांगायला नाही. कदाचित तिलाही ठाऊक नसेल. कँटरबरीचे तेव्हाचे आर्चबिशप, म्हणजे इंग्लंडच्या चर्चचे सर्वात वरचे धर्मगुरू, जस्टिन वेल्बी यांना 2016 मध्ये, वयाच्या साठाव्या वर्षी कळलं की आपले जनक वेगळे आहेत. त्या दिवंगत गृहस्थांच्या विधवेने जपून ठेवलेल्या ब्रशमधल्या केसांवरून ते सिद्ध झालं. वेल्बींच्या आई तेव्हा हयात होत्या, आणि त्यांच्यासाठीही तो धक्काच होता. कधी लपवण्यामागे जीव वाचवणं असतं. मॅडलिन ऑलब्राइट प्रागमध्ये 1937 मध्ये जन्मल्या, कॅथलिक म्हणून वाढल्या, आणि 1997 मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्री झाल्यावर वार्ताहरांच्या शोधातून उघड झालं की त्यांचं घराणं ज्यू होतं आणि चारपैकी तीन आजी-आजोबा नाझींच्या छळात मारले गेले होते. त्याच वर्षी त्या प्रागच्या पिंकास सिनेगॉगमध्ये, ज्यूंच्या जुन्या प्रार्थनास्थळात, गेल्या. तिथल्या भिंतीवर हजारो बळींची नावं लिहिलेली आहेत, त्यांत त्यांच्या आजी-आजोबांचीही होती. आई-वडिलांनी हे का सांगितलं नाही, ते विचारायला दोघंही उरले नव्हते.

आता वडील. माझं मत स्पष्ट आहे: खात्री झाली, की सांगावं. ते त्यांच्या बापाबद्दल आहे, तुमच्या आधी त्यांचं आहे. शिवाय डॉक्टरांना ते ‘वडिलांना हृदयविकार होता’ असं आजवर सांगत आले असतील, तो इतिहासही बदलतो. प्रकृती फार नाजूक असेल किंवा स्मृती जात असेल तर मी आग्रह धरणार नाही. आणि ते ‘मला काही ऐकायचं नाही’ म्हणाले तर तेही मानायचं.

सांगायचं ते समोर बसून. सुरुवातीच्या काळात मी असा एक अहवाल ई-मेलने पाठवला होता, तपशीलवार, तक्त्यांसकट. तो माणूस तेव्हा ऑफिसात होता, मीटिंगच्या मधल्या पाच मिनिटांत त्याने तो मोबाइलवर उघडला. त्याच संध्याकाळी त्याने मला फोन केला आणि बोलला काहीच नाही, नुसता श्वास ऐकू येत होता. त्यानंतर मी असा निकाल कधीही लिहून पाठवलेला नाही. तुम्ही वडिलांजवळ बसा, दिवस मोकळा ठेवा, कागद लगेच पुढे करू नका. पहिलं वाक्य आजोबांबद्दलचं असू द्या, ज्यांनी त्यांना वाढवलं त्या आजोबांबद्दल. आकडे त्यांनी विचारले तरच.

आत्यांचं काय, हेही आधी ठरवा. निकाल त्यांच्या खात्यातही आहे. कुणी भाचा-पुतण्या तो उघडून वाचू शकतो. आधी वडील, मग लगेच आत्या, त्याच दिवशी. तोवर दोघांच्या खात्यांतलं नातेवाइकांना दिसण्याचं सेटिंग बंद ठेवा. एरवीही काळजी घ्या: 2023 मध्ये अशाच एका मोठ्या कंपनीतून सुमारे 69 लाख ग्राहकांची माहिती बाहेर गेली होती. तुमची लाळ दिली की भावंडांची, मुलांची माहितीही थोडी दिली जातेच.

नव्या बाजूच्या कुणाला लिहायची वेळ आली तर पहिला निरोप दोन-तीन ओळींचा हवा. ‘नमस्कार. आपलं डीएनए जुळतं असं दिसतंय. मी माझ्या वडिलांकडची बाजू शोधतोय. आपल्या पणजोबांची नावं-गावं सांगायला आवडेल का? नसेल तरी हरकत नाही.’ एवढंच. ‘तुमचे आजोबा माझे आजोबा आहेत’ हे वाक्य पहिल्या निरोपात कधीही नको, त्यांची आजी कदाचित शेजारच्या खोलीत असेल. उत्तर नाही आलं तर तीन महिन्यांनी एकदा विचारा. त्यानंतर नाही.

वंशावळीतून आजोबांचं नाव काढायचं नाही. मराठीत जनक पिता आणि पालक पिता असे दोन सरळ शब्द आहेत. सॉफ्टवेअरमध्येही दोन्ही नाती नोंदवता येतात. पालक म्हणून आजोबा, त्यांच्या सात पिढ्यांसकट, जिथे आहेत तिथेच. तुमची आठ वर्षं फुकट गेलेली नाहीत. ते आडनाव, ते घर, त्या माणसाने धरलेलं तुमच्या वडिलांचं बोट, सगळं खरंच होतं. जनकाची नोंद शेजारी, खाजगी खूण करून, वडिलांनी परवानगी देईपर्यंत.

त्या चुलत चुलत भावाशी आधी बोला. निकालाला सहा-आठ आठवडे लागतील, तेवढ्यात आजोबांच्या लग्नाची मूळ नोंद काढून ठेवा. मग मला दोनच आकडे कळवा: त्याचं आत्यांशी किती, आणि तुमच्याशी किती.